उड्डाणांचे दफ्तर: संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र

आंजर्ले, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली, यांचे सेवेशी,



आपल्या मंत्रालयाने 2021 च्या जून महिन्यात युद्धे आणि लष्करी मोहिमा यांच्या इतिहासलेखनासंबंधी एक धोरण जाहीर केले. 25 वर्षांपूर्वीचे कागद सामान्यतः गोपनीयतेतून मुक्त करावेत, जाणकारांकडून ते पारखून घ्यावेत आणि इतिहास सिद्ध झाल्यावर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करावेत, असा त्या धोरणाचा आशय होता, आणि तो वाचून माझ्यासारख्या इतिहासाच्या वाचकास फार समाधान वाटले. सेनादले, तटरक्षक दल, आसाम रायफल्स यांनी आपापल्या युद्धनोंदी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात, असाही त्यात स्पष्ट हुकूम आहे. परंतु त्या आदेशाची भाषा युद्धांची आणि मोहिमांची आहे, आणि आपल्या राष्ट्राच्या हवाई सामर्थ्याचा एक फार मोठा भाग असा आहे की जो युद्धातही घडला नाही आणि मोहिमेतही घडला नाही. तो घडला बंगळूर, कानपूर, ओझर येथील धावपट्ट्यांवर, शांततेच्या काळात, अजून कोणीही न उडवलेल्या विमानात एकट्याने बसलेल्या माणसांच्या हातून. चाचणी वैमानिकांच्या त्या दफ्तरासंबंधी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी वैमानिक नाही. विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला आणि आता आंजर्ल्यास स्थायिक झालेला शिक्षक आहे. तथापि कागद जपला नाही तर काय गमावले जाते हे समजण्यास मराठी माणसाला वैमानिक असण्याची गरज नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या रद्दीतून कागद सोडवून आणले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड उभे केले. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. या उद्योगापूर्वी आमच्या इतिहासाचा पुष्कळसा आधार बखरींवर होता, आणि बखरीत पराक्रम भरपूर असला तरी तारीख, रक्कम, रसद आणि चूक यांचा तपशील क्वचितच असतो. आपल्या चाचणी वैमानिकांचा इतिहास आज त्याच बखरीच्या अवस्थेत आहे. आठवणी आहेत, गौरवपर लेख आहेत, एखादा रस्ता किंवा एखादे पदक आहे; परंतु त्या माणसांनी उड्डाण संपवून, हेल्मेट बाजूला ठेवून, त्याच दिवशी जे लिहिले, ते मूळ लेख सामान्य अभ्यासकाच्या हाती येत नाहीत.

आमच्या हर्णै-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर नवी होडी पाण्यात लोटली म्हणजे तिची पहिली फेरी जाणता तांडेल करतो. ती कोणत्या कुशीवर कलते, सुकाणूला किती जड जाते, शिडात वारा भरला की नाक किती वर करते, हे तो पाहतो आणि बांधणाऱ्या सुताराला येऊन सांगतो, आणि सुतारही ते मुकाट्याने ऐकतो. चाचणी वैमानिकाचे कर्तव्य मुळात हेच आहे. तो साहसासाठी उडत नाही. विमानाच्या कर्त्याने कागदावर जे गणित मांडले ते आकाशात कुठपर्यंत खरे ठरते हे शोधण्यासाठी तो उडतो, आणि त्याच्या कामाचे अंतिम फळ म्हणजे मांडीवर बांधलेल्या कागदावर टिपलेले आकडे आणि त्यांवरून लिहिलेला अहवाल. उड्डाण यशस्वी झाले आणि अहवाल खोटा किंवा मोघम लिहिला गेला, तर त्या उड्डाणाचा उपयोग शून्य. उलट त्या मोघमपणाची किंमत पुढच्या वैमानिकाला प्राणांनी द्यावी लागते.

या व्यवसायाचे सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणून ज्याचे नाव जगात घेतले जाते, त्या कॅप्टन एरिक ब्राउन यांचे चरित्र आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडण्याची अनुज्ञा असावी, कारण जतन केलेल्या नोंदींच्या बळावर एका माणसाच्या आयुष्यातून किती ज्ञान राष्ट्राच्या पदरात पडू शकते, हे त्यावरून दिसते. ब्राउन यांचा जन्म 1919 साली स्कॉटलंडमधील लीथ येथे झाला. जर्मन भाषा शिकलेला हा तरुण 1939 साली जर्मनीतच होता. युद्ध पुकारले गेले तेव्हा त्याला अटक झाली आणि नंतर स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर सोडून देण्यात आले. मायदेशी परतल्यावर तो नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला आणि ‘ऑडॅसिटी’ नावाच्या एका लहानशा विमानवाहू नौकेवर रुजू झाला. ही नौका म्हणजे शत्रूकडून पकडलेले एक व्यापारी जहाज होते, त्याच्यावर सपाट डेक बसवलेला. अटलांटिकच्या लाटांत तो डेक खालीवर होत असताना त्यावर मार्टलेट विमाने उतरवायची आणि व्यापारी काफिल्यांचा माग काढणाऱ्या जर्मन ‘कॉन्डॉर’ विमानांना अडवायचे, हे त्यांचे काम. ब्राउन यांनी अशी दोन कॉन्डॉर विमाने समोरून चाल करून पाडली. 1941 च्या 21 डिसेंबरला एका पाणबुडीने ‘ऑडॅसिटी’ बुडवली. बचावलेल्यांत ब्राउन होते.

युद्धातील एवढा पराक्रम एखाद्याच्या आयुष्याला पुरला असता. ब्राउन यांचे खरे काम मात्र त्यानंतर, फार्नबरो येथील संशोधनकेंद्रात सुरू झाले. 1944 च्या मार्च महिन्यात त्यांनी दोन इंजिनांचे मॉस्किटो विमान ‘इंडिफॅटिगेबल’ या नौकेच्या डेकवर उतरवले. 3 डिसेंबर 1945 रोजी ‘ओशन’ या नौकेवर सी व्हॅम्पायर उतरवून जेट विमान जहाजावर उतरू शकते हे जगात प्रथम सिद्ध केले. बर्लिनवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना संरक्षण देणारी अमेरिकन लढाऊ विमाने वेगाने सूर मारताना ताब्यात का राहत नाहीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी प्रत्येक विमान त्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन आकडे काढले. त्यांच्या लेखनाप्रमाणे लाइटनिंगची लढाऊ मर्यादा ध्वनिवेगाच्या 0.68 पट, थंडरबोल्टची 0.71, मस्टँगची 0.78, आणि शत्रूच्या विमानांची 0.75. दिसायला केवळ शतांशांचा हा फरक. पण शत्रूच्या या आकड्याच्या खाली राहणारे वैमानिक शत्रूच्या मागे सूर मारू शकत नव्हते आणि वरचे मारू शकत होते.

याच माणसाला 1945 च्या वसंतात, जर्मन भाषा येत असल्यामुळे, बेल्सनच्या छळछावणीत दुभाषा म्हणून जावे लागले. त्या प्रसंगावर मी येथे अधिक लिहीत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 1946 नंतरचा प्रसंग. डी हॅविलंड कंपनीने 108 क्रमांकाचे, शेपटीला आडवा पंख नसलेले एक प्रायोगिक जेट विमान बनवले होते. 27 सप्टेंबर 1946 रोजी कंपनीच्या संस्थापकाचे पुत्र जॉफ्री डी हॅविलंड ते उडवत असताना विमान हवेतच मोडले आणि ते मरण पावले. मोडले का, हा प्रश्न उरला. तो सोडवण्याची जबाबदारी ब्राउन यांच्यावर आली, आणि त्यासाठी त्याच जातीचे दुसरे विमान घेऊन त्याच वेगाच्या प्रदेशात पुन्हा जाण्यावाचून मार्ग नव्हता. कमी उंचीवर, वेग वाढता वाढता, विमानाचे नाक एकाएकी अशा भयंकर गतीने वरखाली हिसडू लागले की वैमानिकाची हनुवटी छातीवर आपटू लागली आणि दृष्टी अंधारू लागली. ब्राउन यांनी जमिनीवर असतानाच, असे झाले तर काय करावयाचे, हे मनाशी ठरवून ठेवले होते. त्याप्रमाणे त्यांनी थ्रॉटल आणि दांडा हळूहळू एकाच वेळी मागे घेतला, आणि विमान शांत झाले. आपण उंचीने कमी असल्यामुळे बचावलो, अधिक उंच माणसाचे डोके वरच्या काचेवर आदळून मान मोडली असती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या जातीची तिन्ही विमाने कालांतराने अपघातांत नष्ट झाली आणि प्रत्येकात एक वैमानिक गेला. परंतु का गेला, याचे उत्तर कागदावर राहिले. शोकाकुल घराण्याच्या नावाची कंपनी, सरकारी संशोधनकेंद्र आणि नौदल या तिघांनाही न सांभाळता सत्य लिहिण्याचे जे धैर्य लागते, ते डेकवर जेट उतरवण्याच्या धैर्याहून मला श्रेष्ठ वाटते.

ब्राउन यांनी आयुष्यात 487 जातींची विमाने उडवली आणि 2,407 वेळा जहाजाच्या डेकवर विमान उतरवले. 1970 साली ते नौदलातून निवृत्त झाले आणि 2016 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, निधन पावले. निवृत्तीनंतर त्यांनी पुष्कळ लेखन केले, आणि ते लिहू शकले ते आपल्या नोंदवह्यांच्या आधारावर.

आता इतिहासाचा एक धागा पाहावा. ब्राउन यांनी अटलांटिकवर जी कॉन्डॉर विमाने पाडली, त्यांचे आरेखन कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याचे होते. तेच टांक 1956 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या देशाचे पहिले जेट लढाऊ विमान, ‘मरुत’, आकारास आले. हा कारखाना 1940 च्या डिसेंबरात उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि टांक येण्याच्या पुष्कळ आधीपासून तेथे विमानांचे आरेखन करीत होते डॉ. विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू या गावी 1908 साली जन्मलेल्या या माणसाने गॉटिंगेनला जाऊन, आधुनिक वायुगतिशास्त्राचे प्रणेते लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली विद्या संपादन केली आणि परत येऊन ती येथे लावली. कोल्हापूरच्या मुलखातला एक विद्यार्थी त्या पीठावर जाऊन बसला, ही गोष्ट आमच्या घराघरांत माहीत असावयास हवी होती. त्यांनी आरेखित केलेले एचटी-2 हे शिक्षण-विमान 1951 च्या ऑगस्ट महिन्यात प्रथम उडाले, आणि ते उडवले कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुनशी यांनी. हवाई दलाच्या अनेक पिढ्यांनी उड्डाणाचा श्रीगणेशा त्याच विमानावर केला. पण त्या दिवशी मुनशी खाली उतरल्यावर त्यांनी घाटग्यांना काय सांगितले? सुकाणू जड होते की हलके, कोणत्या वेगाला विमान थरथरले, दुसऱ्या उड्डाणापूर्वी काय बदलले गेले? भारतीय विमानविद्येच्या आरंभीचा हा संवाद आहे, आणि तो वाचावयास मिळावा यापरते या विषयात मला काही मागावयाचे नाही.

मरुतची गोष्ट अधिक मोठी आणि अधिक दुःखाची आहे. भारताचे सरन्यायाधीश झालेल्या सुधीरंजन दास यांचे पुत्र ग्रुप कॅप्टन सुरंजन दास हे 1920 साली जन्मलेले, म्हणजे ब्राउन यांच्याहून एकाच वर्षाने लहान आणि त्याच युद्धाच्या पिढीचे. इंग्लंडमधील चाचणी वैमानिकांच्या विद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. मरुत बनवण्यापूर्वी त्याच आकाराचे, पण इंजिन नसलेले, लाकडी ग्लायडर बनवण्यात आले; डकोटा विमानाने ते ओढून उंच नेले म्हणजे दास दोरी सोडून ते खाली आणीत, आणि अशा उड्डाणांतून मरुतचा स्वभाव अजमावला गेला. 1961 च्या जून महिन्यात त्यांनी प्रत्यक्ष मरुत उडवले. 1964 च्या सप्टेंबरात घाटग्यांच्या ‘किरण’ या जेट शिक्षण-विमानाचे पहिले उड्डाणही त्यांनीच केले.

मरुतचा देह ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या आकांक्षेने घडवला होता. ज्या शक्तिमान इंजिनाच्या भरवशावर तो घडवला ते इंजिन मात्र कधी मिळाले नाही, आणि कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर त्याला ध्वनिवेगाच्या आसपासच समाधान मानावे लागले. या उणिवेवर उपाय म्हणून इंजिनास आफ्टरबर्नर जोडण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि अशाच एका सुधारित मरुतमधून 10 जानेवारी 1970 रोजी बंगळूरहून उड्डाण करताना दास यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. बंगळूरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पुढच्याच वर्षी युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मरुत विमानांनी चांगली कामगिरी बजावली, आणि एकंदर 147 मरुत विमाने बांधून झाल्यावर त्यांचे उत्पादन थांबले. एका राष्ट्राने स्वतःचे लढाऊ विमान बनवण्याचा हा प्रयत्न का अर्धवट राहिला, यावर आजवर पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी इंजिनाला दोष देतो, कोणी पैशाला, कोणी दिल्लीच्या अनिश्चयाला. त्या वादात ज्याची साक्ष सर्वांत आधी काढावयास हवी तो माणूस गेला आहे, परंतु त्याचे अहवाल साक्ष देऊ शकतात. ते जनतेसमोर आल्यावाचून मरुतवरचा कोणताही निकाल एकतर्फीच म्हणावा लागेल.

युद्धवीरांच्या बाबतीत आपल्या व्यवस्थेने स्मरणाचा रस्ता घालून दिलेला आहे. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, काश्मीरच्या लढाईत महावीरचक्राचे मानकरी झाले आणि 1976 साली हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीचा प्रत्येक टप्पा पदकाच्या मजकुरात, रजिस्टरात, इतिहासग्रंथात सापडतो, आणि तो तसा सापडावा हे योग्यच आहे. त्याच्या शेजारी ओझरच्या कारखान्यातील चाचणी वैमानिकाची स्थिती ठेवून पाहावी. साठांच्या दशकापासून तेथे मिग जातीची आणि पुढे सुखोई विमाने तयार होत आली, आणि हवाई दलाच्या हाती जाण्यापूर्वी तयार झालेले विमान कोणीतरी प्रथम आकाशात नेले. बिघाड निघाला तो त्याच्या हाताखाली निघाला, म्हणून तो पुढे एखाद्या विशीतल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली निघाला नाही. टळलेल्या अपघाताला पदक नसते आणि त्याची बातमीही होत नाही. त्याची एकच खूण राहते, ती कारखान्याच्या नोंदवहीत.

हा विषय केवळ गतकाळाचा आहे असेही नाही. 13 सप्टेंबर 2019 रोजी गोव्यात, नौदलाच्या हंसा तळावर, तेजस विमानाच्या नौदल आवृत्तीने शेपटीचा आकडा तारेत अडकवून प्रथमच उतरण्याचा प्रयोग केला, आणि 11 जानेवारी 2020 रोजी तेच विमान समुद्रावर ‘विक्रमादित्य’च्या डेकवर उतरले. दोन्ही वेळा वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. आपल्याच देशात घडवलेले लढाऊ विमान आपल्या जहाजावर उतरण्याचा तो पहिला प्रसंग; एरिक ब्राउन यांच्या 1945 च्या प्रयोगाचे कुळ येथे येऊन पोहोचले. ज्या किनाऱ्यासमोर सुवर्णदुर्ग उभा आहे, त्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. पण 25 वर्षांनी एखाद्या दापोलीच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग कसा सिद्ध झाला, किती वेळा फसला, डेकचा वेग आणि वाऱ्याची दिशा यांचा मेळ कसा बसवला, असे विचारले, तर त्याच्या हाती तेव्हाच्या वर्तमानपत्राच्या कात्रणाखेरीज काही पडेल अशी तजवीज आज करावयास हवी.

गोपनीयतेचा आक्षेप मी जाणतो आणि त्याचा आदर करतो. सेवेत असलेल्या विमानाची मर्यादा शत्रूला कळू नये, हे उघड आहे. परंतु एचटी-2 चे गुपित आता कोणापासून राखावयाचे? मरुत सेवेतून जाऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, तो असा की जुन्या अहवालांत कोणाकोणाच्या चुका निघतील, दिवंगतांच्या कीर्तीला धक्का लागेल. याचे उत्तर डी हॅविलंडच्या प्रकरणात आले आहे. चूक लिहून ठेवण्यासाठीच ही माणसे आकाशात गेली होती. ती झाकली गेली तर त्यांचा मान वाढत नाही, त्यांचे काम मात्र वाया जाते. बंगळूरच्या संग्रहालयात जुनी विमाने रंग देऊन, साफसूफ करून, पाहुण्यांसाठी ठेवली आहेत, हे उत्तमच. पण विमानाच्या सांगाड्याला त्याची कथा सांगता येत नाही.

सबब, महोदय, माझी प्रार्थना अशी आहे की 2021 च्या धोरणाची व्याप्ती वाढवून, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे सर्व कारखाने, कानपूरला सुरू होऊन पुढे बंगळूरला आलेली हवाई दलाची चाचणी संस्था, आणि राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्र यांच्याकडील 25 वर्षांहून जुने उड्डाण-अहवाल, वैमानिकांची लॉगबुके आणि अपघात-चौकशीचे कागद त्यात समाविष्ट करावेत. त्यांची यादी प्रथम, विलंब न करता, प्रसिद्ध व्हावी, कारण यादी झाली की कागद गहाळ होणे कठीण होते. जे वैमानिक आणि उड्डाण-चाचणी अभियंते आज वार्धक्यात आहेत त्यांच्या मुलाखती त्यांच्या स्वतःच्या भाषेत नोंदवून घ्याव्यात. ओझरच्या बाबतीत ते काम मराठीतच झाले पाहिजे. निवडक अहवालांचे खंड काढताना इंग्रजीबरोबर देशी भाषांतूनही काढावेत. या कामी महाराष्ट्रातील इतिहास-संशोधन संस्थांचे साहाय्य मागितले, तर शंभर वर्षांहून अधिक काळ कागद वाचण्यात मुरलेली ही मंडळी मागे राहणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

युद्धकाळात कॉकपिटमध्ये बसलेल्या पिढीतले बहुतेक सारे आता गेले. त्यानंतरच्या पिढीतलेही नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखतींचा हुकूम या आर्थिक वर्षातच निघावा, ही विनंती.

आपला नम्र,
आंजर्ले येथील एक निवृत्त शिक्षक